हेच निमंत्रण समजावे

डिचोलीच्या बाजारात, स्टँडकडून येताना डाव्या हाताला
माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन,
ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
पाटीवरच्या रंगाखालून जुना 'प्रेस' अजून डोकावतो.

बुधवारी मिताक्षी गांवस आली,
मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला,
म्हणाली, गेला.
मला वाटलं, कुणी माणूस.

गेला होता तिचा व्हिडिओ,
चार मिनिटं अकरा सेकंदांचा:
त्यांच्या वाड्यावरची झर, वर कापलेला डोंगर,
आणि कळशीत उतरणारं पाणी,
बिनदुधाच्या चहासारखं तांबडं.
तीन दिवस दिसला.
चौथ्या दिवशी एक करडा चौकोन,
त्यात एक सभ्य वाक्य:
कायदेशीर मागणीवरून हा मजकूर
तुमच्या देशात उपलब्ध नाही.

झर आहे. माझ्या दुकानापासून स्कूटरने सतरा मिनिटं.
ती उपलब्ध नाही म्हणजे नेमकं काय,
हे मला अजून नीट कळलेलं नाही.

स्विंडनला गोदामात रात्रपाळी करणाऱ्या कायतानला मात्र
तो अजून दिसतो.
त्यानं तिला फोनवर सांगितला, सगळा:
आता तुझी आई वाकली.
आता कळशी धुतली.
परत धुतली.
आता आईनं तुझ्याकडे बघितलं, गप्प.
हे सगळं मिताक्षीनं ऐकलं
त्याच झरीच्या काठावर उभं राहून,
कारण रेंज तिथंच येते.

मागणी कुणाची, म्हणून आम्ही अर्ज केला.
दहा रुपये फी, माझं टायपिंग फुकट.
उत्तर आलं: आदेश गोपनीय आहे.
आदेश आहे, इतकं तरी कळलं.

तेवढ्यात पपा मागच्या खोलीतून आले,
बिस्किटांचा डबा घेऊन.
एकोणसाठ साली ते बारा वर्षांचे,
मामाच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा
आधी सेन्सॉरकडे जायची, मग मांडवात.
डब्यातून एक प्रूफ काढलं,
पिवळं, घडीवर फाटलेलं.
शेवटच्या ओळीवर तांबडी पेन्सिल:
'हेच स्वतंत्र निमंत्रण समजावे' मधला
'स्वतंत्र' खोडलेला.

मामा हट्टी. त्यानं ओळ जवळ घेतली नाही,
चार अक्षरांची जागा कोरी ठेवून छापली.
लोक ती कोरी जागा वाचूनच आले लग्नाला,
पपा म्हणाले, आणि साहेबही आला,
तोच खोडणारा.
पंगतीला बसला, दोनदा मणगणें मागून घेतलं.
त्याला नाव होतं. पोट होतं. पेन्सिल होती.

मिताक्षीनं प्रूफ उजेडात धरलं.
खोडलेलं वाचता येतंय, ती म्हणाली.
हो, तेव्हा खोडायचे, पपा म्हणाले.
पुढे काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

मग तिनं पेन ड्राइव्ह काढला.
दर दहा सेकंदांचा एक, असे पंचवीस फोटो,
रंगीत, साध्या कागदावर.
पुढल्या बुधवारी मासळीबाजाराच्या तोंडाशी
ती हातोहात वाटणार होती.
मी हिशोब केला, अर्धे पैसे सांगितले,
आणि खरं सांगायचं तर
दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण
मार्चमध्ये आहे, हेही डोक्यात येऊन गेलं.

सोळाव्या फोटोला मॅजेंटा संपली.
सतरावा आला तो हिरवट, निर्मळ,
खात्याच्या अहवालातल्या पाण्यासारखा.
आम्ही तिघं त्या स्वच्छ झरीकडे बघत राहिलो.
काड्रिज म्हापशाहून यायचं, म्हणजे उद्या.

पपांनी खण उघडला.
खडू, रबर, सेलोटेप,
आणि तळातून बोटाएवढी उरलेली
एक तांबडी पेन्सिल.
टोक काढलं. सतरावा फोटो पुढ्यात ओढला.

कळशीपासून सुरू करू? त्यांनी विचारलं.
ती म्हणाली, नाही, वरून,
डोंगरापासून.